हिवाळ्यातला चार ते दहा दिवसांचा हवामान अंदाज आणि विजेची मागणी : सातारा-सांगलीसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उपकेंद्र सांभाळणारे, साखर कारखान्याच्या सहवीज (उसाच्या चिपाडावर वीज करणाऱ्या) विभागातले, शीतगृहवाले, महाबळेश्वर-पाचगणीचे हॉटेलवाले, पाणीपुरवठा संस्था आणि बागायतदार, या सगळ्यांकडून नोव्हेंबर लागला की साधारण हेच प्रश्न येतात. उत्तरांमागे एक धागा आहे तो आधीच सांगतो. आपल्या भागात थंडीने एकूण युनिट फारसे वाढत नाहीत, विजेची मागणी दिवसाच्या कोणत्या तासाला उसळते ते बदलते. म्हणून "पारा किती उतरणार" याच्या जोडीला "कोणत्या वेळी, किती दिवस आणि आभाळ कसे" हे विचारले, तरच अंदाजाचा उपयोग होतो.

मध्यम पल्ल्याचा अंदाज म्हणजे नेमका किती दिवसांचा?

हवामान खात्याच्या वर्गवारीत पहिले तीन दिवस अल्प पल्ल्याचे, तिथून दहाव्या दिवसापर्यंत मध्यम पल्ला आणि पुढे चार आठवड्यांपर्यंत विस्तारित पल्ला. वीज व्यवस्थेत या प्रत्येक टप्प्यावर वेगळा निर्णय होतो. आठ-दहा दिवस आधी वीजनिर्मितीचा एखादा संच दुरुस्तीला काढायचा की थांबायचे ते ठरते. चार-सहा दिवस आधी शेतीच्या थ्री फेजचे (पंपांच्या मोटारींना लागणाऱ्या तीन तारांच्या पुरवठ्याचे) वेळापत्रक आणि बाहेरून घ्यायच्या विजेचा आवाका ठरतो. आदल्या दिवशी दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ टप्पे भरून, राज्यातली विजेची निर्मिती आणि मागणी जुळवणाऱ्या राज्य भार प्रेषण केंद्राकडे वेळापत्रक जाते. दहाव्या दिवसाच्या अंदाजावरून हे ९६ टप्पे भरायला जाऊ नये, आणि उद्याच्या अंदाजाची वाट पाहत दुरुस्तीचा निर्णय अडवूनही ठेवू नये.

आपल्याकडे घरात हीटर कोण लावतो? मग थंडीचा विजेशी संबंध काय?

संबंध पाण्याचा आहे. एका माणसाच्या अंघोळीला ४० अंशांचे २० लिटर पाणी धरा. टाकीतले पाणी २२ अंशांचे असेल तर ते तापवायला सुमारे ०.४२ युनिट लागते. तेच पाणी १७ अंशांवर आले की ०.५४ युनिट. पाच अंशांचा फरक आणि वीज सव्वापटीहून जास्त. चार माणसांच्या घरात ही वाढ रोज साधारण अर्ध्या युनिटाची होते.

त्याच घरात रात्रीचे दोन पंखे बंद झाले. ७५ वॅटचा एक पंखा आठ तासांत ०.६ युनिट घेतो, म्हणजे दोन पंख्यांचे १.२ युनिट वाचले. एकूण हिशेबात घराची वीज कमीच झाली! पण वाचलेली वीज रात्री दहा ते सहा अशी पसरलेली होती, आणि वाढलेली सगळी सकाळी सहा ते साडेआठच्या दरम्यान एकवटली. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातच्या आसपास उगवतो, त्यामुळे नेमक्या या वेळी सौर वीज जवळपास शून्य असते. दिवे, गीझर, पाण्याच्या मोटारी, मिक्सर, सगळे एकदम चालू. रात्रीचा तळ खाली जातो, सकाळचे टोक वर चढते आणि दोन्हींमधला चढ फार उभा होतो. औष्णिक संचांना इतक्या झपाट्याने वर येणे जड जाते. खरी अडचण ही आहे.

पारा एक अंशाने उतरला की मागणी किती वाढते?

सगळीकडे लागू पडेल असा आकडा नाही. जो कोणी असा आकडा ठामपणे सांगतो, त्याने तो कोणत्या फीडरवर (उपकेंद्रातून एकेका भागाला वीज नेणाऱ्या वाहिनीवर) आणि कोणत्या तासाला मोजला ते विचारा. सातारा शहरातला घरगुती फीडर, कुपवाड एमआयडीसीचा फीडर आणि जत तालुक्यातला शेतीचा फीडर थंडीला तीन वेगळ्या तऱ्हेने वागतात. एमआयडीसीवर परिणाम जवळपास दिसत नाही. घरगुती फीडरवर तो सकाळी ठळक दिसतो, दुपारी नाही.

आणि परिणाम त्याच दिवशी पूर्ण उतरत नाही. गच्चीवरच्या सिमेंटच्या टाकीतले पाणी, जमिनीखालची पाइपलाइन, घराच्या भिंती या सगळ्यांना गार व्हायला वेळ लागतो. थंडीच्या पहिल्या सकाळी मागणी थोडी वाढते, तिसऱ्या सकाळी खरी उसळते. पारा वर आल्यावरही ती एक-दोन दिवस रेंगाळते. म्हणून एकाच दिवसाचे किमान तापमान न घेता आजचे ०.५, कालचे ०.३ आणि परवाचे ०.२ अशा वजनाने मिश्रण घ्यावे. वजने तुमच्या नोंदींवरून बदला, पण मागचे दोन दिवस सोडू नका.

सातारा-सांगलीत थंडी येते कुठून? आधी काही खुणा दिसतात का?

भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी झंझावात हिमालयात बर्फ आणि पाऊस पाडून पूर्वेकडे सरकतात. त्यांच्या मागून कोरडे, गार उत्तरेचे वारे मैदानात उतरतात आणि राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेश ओलांडून खानदेशमार्गे आपल्याकडे पोहोचतात. उत्तर भारतात पारा पडल्यानंतर दक्षिण महाराष्ट्रात गारठा जाणवायला बहुधा दोन-तीन दिवस जातात. मध्यम पल्ल्याच्या अंदाजाला आपल्या भागात जोर मिळतो तो या प्रवासामुळे. झंझावात मोठा असतो, मॉडेलला, म्हणजे संगणकावर हवामानाचे गणित मांडणाऱ्या प्रणालीला, तो पाच-सात दिवस आधी बऱ्यापैकी दिसतो.

पण वारे येऊन भागत नाही. रात्री जमिनीची उष्णता निघून जायला तीन गोष्टी लागतात : निरभ्र आकाश, कोरडी हवा आणि मंद वारा. यातली एक जरी बिघडली तरी पारा अडतो. बंगालच्या उपसागरावरून पूर्वेचे दमट वारे सुरू झाले की किमान तापमान एका रात्रीत चार-पाच अंशांनी वर जाऊ शकते. फेंगल चक्रीवादळ ३० नोव्हेंबर २०२४ला पुद्दुचेरीजवळ किनाऱ्याला लागले आणि डिसेंबरच्या सुरुवातीला महाराष्ट्रातली थंडी पळाली, ती याच कारणाने.

हाताशी ठेवावी अशी एक खूण सांगतो. संध्याकाळी साडेपाच-सहाचे दवबिंदू तापमान, म्हणजे हवेतल्या बाष्पाचे दव होऊ लागते ते तापमान, पाहा. हवा जितक्या अंशांवर संपृक्त होते, त्याच्या फार खाली पारा सहसा जात नाही, कारण दव पडताना उष्णता बाहेर पडते आणि घसरण मंदावते. संध्याकाळचा दवबिंदू १४ असेल तर पहाटे ८ अंशांची भीती बाळगू नका. दवबिंदू ५ असेल, वारा पडलेला असेल आणि चांदणे स्वच्छ असेल, तर मॉडेल काहीही म्हणो, सकाळच्या टोकाची तयारी ठेवा.

महाबळेश्वर इतके उंच, तरी कधी कधी साताऱ्यात पारा खाली कसा?

महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास आहे आणि सातारा शहर त्याच्या निम्म्याहून थोडे जास्त उंचीवर. दिवसा उंचीचा नियम चालतो, दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश. शांत, निरभ्र रात्री मात्र गार हवा जड होऊन उतारावरून घरंगळते आणि खोलगट भागात साचते. पठारावरची वेधशाळा या थराच्या वर राहते.

याचा पुरावा महाबळेश्वरातच आहे. वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याच्या खोलगट भागात पहाटे गवतावरचे, गाड्यांच्या टपांवरचे, तलावाच्या धक्क्यावरचे दव गोठून पांढरी चादर पसरते, तेव्हा थोड्याच अंतरावर वेधशाळेचा आकडा दहाच्या वर असू शकतो. दोन्ही बरोबर. फक्त गोठलेले दव पाहून "महाबळेश्वर शून्यावर" अशी बातमी झाली की हॉटेलवाले आणि वीज कर्मचारी दोघेही चुकीच्या आकड्यावर नियोजन करतात. गवताच्या पात्याचे तापमान आणि सव्वा मीटर उंचीवर पांढऱ्या झडपांच्या पेटीत मोजलेले हवेचे तापमान यांत तीन-चार अंशांचा फरक सहज असतो.

मोबाइलवर १३ अंश, शिवारात १०. अंदाज चुकला का?

चुकला म्हणण्याआधी तीन तपासण्या करा. पहिली, तुमचा थर्मामीटर कुठे आहे. पत्र्याखाली, भिंतीला चिकटून किंवा उघड्यावर असेल तर तो हवेचे तापमान दाखवत नाही. दुसरी, तारीख. हवामान खात्याचे किमान तापमान सकाळी साडेआठच्या नोंदीत धरले जाते, बरीच ॲप मध्यरात्र ते मध्यरात्र असा दिवस घेतात. पारा झपाट्याने बदलत असतो तेव्हा दोन्हींचे आकडे जुळत नाहीत.

तिसरी तपासणी सर्वांत महत्त्वाची. मॉडेलची चौकट, म्हणजे नकाशाचा जेवढा तुकडा मॉडेल एकच ठिकाण धरते तो. हवामान खात्याचे जागतिक मॉडेल बरीच वर्षे १२ किलोमीटरच्या चौकटीवर चालले. २६ मे २०२५ला सुरू झालेली भारत फोरकास्ट सिस्टीम ६ किलोमीटरवर आली. ही मोठी प्रगती आहे. तरीही यवतेश्वरचा घाट, सातारा शहर आणि कण्हेरचा परिसर ६ किलोमीटरच्या एक-दोन चौकटींत मावतो. मॉडेल त्यांची सरासरी उंची धरते आणि तुमच्या खोऱ्यातली साचलेली गार हवा त्याला दिसतच नाही.

ही चूक मात्र दररोज एकाच बाजूची असते, म्हणून ती काढता येते. नमुन्यादाखल पाच दिवस घ्या. मॉडेलचे किमान १४.२, १३.५, १३.०, १२.८, १३.४ आणि तुमची नोंद १२.६, ११.८, ११.६, ११.०, १२.१. फरक १.६, १.७, १.४, १.८, १.३, म्हणजे सरासरी जवळपास १.६. आता उद्यासाठी मॉडेलने १२.५ सांगितले तर तुम्ही १०.९ धरायचे. प्रत्यक्षात पाच दिवस अपुरे पडतात, किमान तीन-चार आठवडे घ्या.

इथे बहुतेक जण एक गोष्ट विसरतात. निरभ्र रात्रींचा फरक वेगळा आणि ढगाळ रात्रींचा वेगळा. दोन्ही एकत्र करून काढलेली सरासरी दोन्हीकडे फसवते. नोंदवहीत दोन रकाने ठेवा. पाचव्या दिवसाच्या अंदाजाचा फरकही पहिल्या दिवसाच्या फरकाने दुरुस्त करू नका, प्रत्येक दिवसाचा हिशेब स्वतंत्र हवा.

सातव्या दिवसाच्या अंदाजावर विश्वास ठेवावा का?

आकड्यावर नको, कलावर ठेवावा. सातव्या दिवशी मॉडेल "९ अंश" म्हणते तेव्हा त्यातून घ्यायचे ते एवढेच, की त्या दोन-तीन दिवसांत उत्तरेचे वारे येण्याची चिन्हे आहेत. नेमका दिवस पुढे-मागे होतो आणि आकडा बदलतो.

यासाठी एन्सेम्बल पाहायला शिका. एकाच मॉडेलला सुरुवातीची स्थिती किंचित बदलून अनेकदा चालवतात, अशा प्रत्येक वेळेला धाव म्हणतात. हवामान खात्याच्या जागतिक एन्सेम्बलमध्ये २१ धावा असतात, इंग्लंडमधल्या रेडिंगच्या युरोपीय केंद्राच्या एन्सेम्बलमध्ये ५१. समजा सहाव्या दिवसासाठी २१ पैकी १५ धावा साताऱ्यात ११ अंशांखाली जातात आणि उरलेल्या सहा १४ ते १६ मध्ये आहेत. सरासरी काढली तर १२ च्या आसपास काहीतरी निघेल आणि १२ अंश ही शक्यता जवळपास कोणत्याच धावेत नाही! इथे बातमी अशी : बहुधा कडाका, पण ढग आले तर अजिबात नाही. त्या सहा धावा का वेगळ्या आहेत ते पाहा. बहुतेक वेळा त्यांच्यात बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा सापडेल.

मॉडेलच्या मुख्य धावा आपल्या वेळेनुसार पहाटे साडेपाच आणि संध्याकाळी साडेपाचच्या निरीक्षणांवरून निघतात, हाती यायला पुढे काही तास लागतात. एका धावेने चित्र पालटले म्हणून धावपळ नको. लागोपाठ दोन-तीन धावा तेच सांगू लागल्या की वजन द्या.

ढगाळ हवामानात थंडी कमी असते. मग मागणी घटायला हवी ना?

असेच सर्वांना वाटते आणि नियोजन इथेच सर्वांत जास्त फसते. ढगाळ दिवशी चार गोष्टी एकदम होतात. छतावरची आणि शेतातली सौर वीज पडते. सोलर हीटरचे पाणी तापत नाही, त्यामुळे लोक टाकीतली विजेची कॉइल चालू करतात. १०० लिटर पाणी ३० अंशांनी वर न्यायला साडेतीन युनिट लागतात, म्हणजे कडाक्याच्या थंडीत एका घरात गीझरची जी वीज वाढते तिच्या सात पट. घरात दिवसा दिवे लागतात. आणि अवकाळीची सर आली तर शेतीपंपांची मागणी मात्र खाली कोसळते.

पहिल्या तीन गोष्टी मागणी वर ढकलतात आणि चौथी खाली. घरगुती फीडरवर ढगाळ दिवसानंतरची सकाळ गारठ्याच्या सकाळइतकीच जड जाऊ शकते, तर तासगाव-कवठेमहांकाळकडचा शेतीचा फीडर त्याच दिवशी ओस पडतो. जिल्ह्याचा एकच आकडा काढून समाधान मानू नका.

अवकाळीनंतर आकाश उघडले तर कऱ्हाड, मिरज, सांगलीच्या नदीकाठी दाट धुके पडते. अशा सकाळी सौर निर्मितीची सुरुवात एक-दोन तासांनी लांबते आणि सकाळचे टोक दहापर्यंत ताणले जाते.

शेतीपंपांवर थंडीचा काय परिणाम होतो?

सर्वसाधारण थंडीत पिकांचे पाणी कमी उडते आणि दोन पाळ्यांमधले अंतर वाढते. गहू, हरभरा, शाळू यांची पाळी दोन-चार दिवसांनी पुढे गेली की पंपांची मागणी हलकी होते. पण कडाक्याचा इशारा आला की चित्र उलटते. द्राक्षबागायतदार पहाटे ठिबक सुरू करतात, कारण ओली जमीन उष्णता धरून ठेवते आणि विहिरीचे पाणी हवेपेक्षा गरम असते. मणी फुगण्याच्या अवस्थेत रात्रीचा गारठा आणि दुपारचे ऊन यांतला फरक वाढला की मणी तडकतात. इतके पैसे आणि कष्ट घातलेल्या बागेसाठी शेतकरी पहाटे तीनला उठून मोटार चालू करणारच. फीडरचे वेळापत्रक आखताना हे गृहीत धरा. इशारा चार दिवस आधी दिसत असेल, तर त्या रात्रींची थ्री फेज पाळी बागायती पट्ट्याला देता येते का ते तेव्हाच पाहावे.

टेंभू, ताकारी आणि म्हैसाळ या उपसा योजनांचे रब्बी आवर्तन हा वेगळा मोठा भार आहे. तो हवामानापेक्षा निर्णयावर चालतो. आवर्तनाची तारीख थंडीच्या लाटेशी जुळते का, एवढे तपासून ठेवा. पुढच्या चार दिवसांत चांगल्या पावसाची दाट शक्यता असेल तर आवर्तन दोन दिवस थांबवल्याने पाणी आणि वीज दोन्ही वाचते.

थंडीच्या सकाळी आमच्या डीपीचा (गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरचा) फ्यूज वारंवार उडतो. एकूण भार तर मर्यादेत आहे.

एकूण नाही, एकेका फेजचा भार पाहा. १०० केव्हीएच्या डीपीला प्रत्येक फेजवर साधारण १३९ अँपिअर झेपतात. २ किलोवॅटचा गीझर जवळपास ८.७ अँपिअर घेतो. म्हणजे एकाच फेजवर १६ गीझर एकदम लागले की ती फेज भरली, मग उरलेल्या दोन फेज रिकाम्या असोत. बहुतेक गल्ल्यांमध्ये जोडण्या जशा आल्या तशा एकाच फेजवर चढलेल्या असतात. उन्हाळ्यात ते कळत नाही, पहिल्या कडाक्याला कळते. उपाय नोव्हेंबरातच करायचा. संध्याकाळी सातला नव्हे, सकाळी सातला क्लॅम्प मीटरने तिन्ही फेज मोजा आणि जोडण्या वाटून घ्या. जाड तार घालून फ्यूज टिकवू नका, मग फ्यूजऐवजी डीपी जळते आणि ऐन थंडीत ती बदलून मिळायला दिवस जातात.

शेतीच्या डीपीवर दुसरे कारण असते. थ्री फेज येताच ऑटो स्विचमुळे सगळ्या मोटारी एका क्षणी उठतात. ५ एचपीची मोटार ०.८ पॉवर फॅक्टरवर (घेतलेल्या विजेतल्या उपयोगी वाट्यावर) सुमारे ५.८ केव्हीए मागते, म्हणजे १०० केव्हीएवर १७ मोटारी. प्रत्येकीला पॉवर फॅक्टर सुधारणारा २ केव्हीएआरचा कपॅसिटर बसवला तर तिथेच २० मोटारी सुखाने चालतात. ऑटो स्विच काढला की सुरुवातीचा झटकाही विभागला जातो.

कोयना असताना सकाळच्या टोकाची चिंता कशाला?

कोयना प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॅट आहे आणि काही मिनिटांत भार उचलणारे तिच्यासारखे साधन राज्यात क्वचितच. पण पश्चिमेकडे वळवून वीज करण्यासाठी वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा आहे आणि ते पाणी १ जून ते ३१ मे पुरवायचे असते. ढोबळ हिशेबात पावणेपाचशे मीटरच्या उतारावर एका टीएमसीतून तीन ते सव्वातीन कोटी युनिट निघतात. चौथ्या टप्प्याचे १,००० मेगावॅट सकाळी दोन तास चालवले तर २० लाख युनिट, म्हणजे ०.०६ टीएमसीच्या जवळपास. वर्षाची मर्यादा ३६५ दिवसांवर वाटली तर रोजचा वाटा ०.१८ टीएमसी येतो, तो या टप्प्याच्या सहा तासांत संपतो.

जानेवारीत सैल हाताने वापरलेले पाणी एप्रिल-मेच्या रात्री कमी पडते आणि तेव्हाची टंचाई जास्त बोचते. मध्यम पल्ल्याचा अंदाज इथे मोलाचा ठरतो. पुढच्या दहा दिवसांत किती सकाळी टोक येणार हे कळले, की पाणी कोणत्या सकाळींसाठी राखायचे ते ठरवता येते. धरणाच्या पायथ्याचे ४० मेगावॅटचे वीजगृह या हिशेबातून वेगळे धरा. तिथून सुटणारे २,१०० क्युसेक पूर्वेकडे, कृष्णेत आणि पुढे सांगलीच्या उपसा योजनांना मिळते, म्हणजे ते सिंचनाच्या मागणीवर चालते.

साखर कारखान्यांची सहवीज आणि पवनचक्क्या हिवाळ्यात कितपत हाताशी असतात?

गाळप हंगामात सहवीज भरवशाची, अवकाळी येईपर्यंत. शेतात चिखल झाला की तोडणी थांबते, वाहने अडकतात, एक-दोन दिवसांत गाळप मंदावते आणि ओला बगॅस (उसाचे चिपाड) बॉयलरमध्ये नीट पेटत नाही. पावसाचा अंदाज चार दिवस आधी दिसताच बगॅस झाकून साठा वाढवलेला बरा. चाळकेवाडी, वनकुसवडे, ढालगावच्या पवनचक्क्यांचा खरा हंगाम पावसाळ्याचा. हिवाळ्यातल्या शांत, निरभ्र रात्री, म्हणजे थंडी सर्वांत जास्त असते तेव्हाच, वारा पडलेला असतो. सकाळच्या टोकासाठी त्यांच्यावर विसंबू नका.

"थंडीची लाट" कधी म्हणतात?

मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली असेल आणि सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी कमी असेल तेव्हा. त्याहून जास्त घट असेल तर तीव्र लाट. पारा ४ अंशांवर किंवा त्याखाली गेला तर सरासरी न पाहताही लाट धरतात. सरासरी १२ असलेल्या गावाला त्यासाठी ७.५ पर्यंत उतरावे लागते. गीझरची मागणी मात्र १३ वरून १० ला येतानाच वाढलेली असते, म्हणून लाटेच्या इशाऱ्याची वाट पाहत बसणे वीज नियोजनाच्या कामाचे नाही.

हीटिंग डिग्री डे (तापमान ठरलेल्या पायाखाली किती अंश गेले त्याची मोजणी) वापरावेत का?

दिवसाच्या सरासरीवरून काढलेले नकोत. कमाल २९ आणि किमान १२ असलेल्या दिवसाची सरासरी २०.५ येते. १८ अंशांचा पाया धरला तर उत्तर शून्य. पहाटे लोक कुडकुडत असतात आणि सूत्र म्हणते थंडी नाही! युरोप-अमेरिकेत दिवसभर घर तापवतात, तिथे ते सूत्र चालते. आपण पहाटे चार ते सकाळी नऊ या तासांचे तापमान घेऊन १८ पेक्षा किती खाली ते तासागणिक मोजावे.

स्वतःच्या फीडरचा किंवा संस्थेचा अंदाज बांधायचा तर सुरुवात कशी करावी?

साध्या एक्सेलमध्ये होते. दोन हिवाळ्यांच्या पंधरा मिनिटांच्या नोंदी काढा, स्मार्ट मीटर किंवा उपकेंद्राच्या लॉगशीटवरून. वीज गेलेले टप्पे वगळा, नाहीतर "थंडीत मागणी शून्य" असे मॉडेल शिकते. प्रत्येक दिवसापुढे वजनाने काढलेले तीन दिवसांचे किमान, आदल्या दिवशीचे ढग, वार, सुट्टी आणि त्या फीडरची थ्री फेज पाळी लिहा. संक्रांत, यात्रा, लग्नतिथी यांची वेगळी खूण हवी. मग सकाळी सहा ते नऊच्या मागणीचे सरळ समीकरण बसवा : पायाभूत मागणी, अधिक गुणक गुणिले १८ वजा ते वजनाचे किमान, अधिक ढगांचा भाग. दुपार आणि संध्याकाळ यांची समीकरणे वेगळी.

अंदाज काढताना एन्सेम्बलची प्रत्येक धाव, आपली दुरुस्ती लावून, या समीकरणातून पार करा. हाती एक आकडा न येता पट्टा येतो. शेवटी परीक्षा घ्या : "मागच्या आठवड्याच्या त्याच वारी जेवढी, तेवढीच" या सोप्या अंदाजापेक्षा तुमची सरासरी चूक कमी आहे का? नसेल तर समीकरण वापरू नका, नोंदी तपासा. आमच्या अनुभवात दोष बहुतेक वेळा गणितात नसतो, थ्री फेजची पाळी चुकीच्या दिवसापुढे लिहिलेली असते.

पट्टा मिळाला. आता वीज नेमकी किती घ्यायची?

मधला आकडा घेण्याची सवय सोडा. समजा जास्तीची वीज परत विकताना युनिटमागे दीड रुपया तोटा होतो आणि कमी पडल्यास ऐनवेळी साडेचार रुपये जास्त मोजावे लागतात. साडेचार भागिले दोन्हींची बेरीज सहा, म्हणजे ०.७५. तर पट्ट्यातल्या शंभरपैकी पंचाहत्तर शक्यता ज्या आकड्याखाली येतात, तो आकडा घ्या. दर बदलले की हा भागाकार पुन्हा करा. १ जून २०२० पासून वीज बाजारात अर्ध्या-अर्ध्या तासाचे रिअल टाइम सौदे होतात, त्यामुळे शेवटची दुरुस्ती तिथे करता येते. पण थंडीच्या सकाळी सगळेच तिथे धावतात आणि भाव युनिटमागे दहा रुपयांच्या कमाल मर्यादेकडे चढू शकतो.

दिल्ली-पंजाबात थंडी पडली तर आपली वीज महाग का होते?

बाजार देशभराचा एक आहे. उत्तरेत हीटर लागतात आणि धुक्याने तिथली सौर वीज उशिरा सुरू होते, तेव्हा सकाळचे सौदे सगळ्यांसाठी महागतात. तोच झंझावात पुढे आपल्याकडे गारठा आणतो. म्हणून आपल्या अंदाजाच्या शेजारी जयपूर आणि दिल्लीचा पाच दिवसांचा अंदाज रोज पाहावा.

एआयवर चालणारी हवामान मॉडेल आता पुरेशी आहेत का?

युरोपीय केंद्राने २५ फेब्रुवारी २०२५ला आपले एआय मॉडेल नियमित सेवेत आणले. पाच-दहा दिवसांच्या मोठ्या प्रणालींसाठी अशी मॉडेल उत्तम आहेत आणि काही मिनिटांत निकाल देतात. कृष्णेच्या खोऱ्यातल्या एका गावाचे पहाटेचे तापमान मात्र त्यांनाही स्थानिक दुरुस्तीशिवाय नीट सांगता येत नाही. मोठे चित्र तिथून घ्या, आकडा तुमच्या नोंदवहीतून दुरुस्त करा.

हिवाळ्याचे समीकरण कधी बंद करायचे?

तारखेवर नको. फेब्रुवारीत एखाद्या आठवड्यापासून रात्री अकरा ते दोनची मागणी पारा चढताच वाढू लागते, म्हणजे पंखे सुरू झाले. आता तापमान वाढल्याने मागणी वाढते, गुणकाचे चिन्हच उलटले. सकाळचा भाग आणखी दोन-तीन आठवडे हिवाळ्याप्रमाणे चालतो, रात्रीचा भाग लगेच उन्हाळ्याच्या समीकरणावर न्यावा. दोन्ही समीकरणे शेजारी चालवून ज्याची मागच्या सात दिवसांची चूक कमी, ते त्या तासासाठी वापरा. त्याच सुमारास सांगलीकडच्या शीतगृहांत बेदाणा यायला लागतो आणि दुपारचा भारही चढू लागतो. त्याची नोंद वेगळ्या रकान्यात सुरू करा.